मेलबर्न ते केळवे

पौषातलं कलतं ऊन केळव्याच्या किनाऱ्यावर सांडलं होतं. पितळी ऊन, पातळ ऊन, परतीच्या वाटेला लागलेलं ऊन. सुरूच्या बनात पान हलत नव्हतं. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर आभाळाची फिकट निळाई निपचित पडली होती.

बनाच्या कडेला चिता रचलेली होती. चितेवर मंदाकिनी होती, आणि तिच्या उशाशी बसलेला तिचा नवरा, केसरीनाथ चुरी.

जन्मभर त्याने पानवेली जोपासल्या. दूरदेशी पानं धाडताना टोपलीत केळीचं ओलं पान अंथरावं, ओंजळीने पाणी शिंपावं. मग वाट कितीही लांबची असो, पान हिरवं पोचतं. आज त्याने बायकोभोवती केळीची पानं अंथरली होती. आज तो तिच्या कपाळावर पाणी शिंपत होता. आज वाट लेक चालत होती, आणि टवटवी आईची टिकायची होती.

पहाटे निशिगंधाचा फोन आला होता, मेलबर्नला विमानात चढताना. "आप्पा, दहा हजार किलोमीटर आहे. बारा तास लागतील. आईचं तोंड बघितल्याशिवाय अग्नी देऊ नका. सूर्य आणि मी एकाच बाजूला निघालोय, आप्पा. दोघंही पश्चिमेला."

तेव्हापासून केसरीनाथ सूर्याला निरखत होता. सूर्य पुढे, लेक मागे. सूर्याला अंतर नाही, सूर्याला ओझं नाही, सूर्याला आई नाही.

"केसरी," भावकीतले थोरले जगन्नाथकाका म्हणाले, "काल सांजेपासून ठेवलीय तिला. दुसरी रात्र नको. मावळायच्या आत उरकू. आणि ओल्या पानांत चिता पेटेल कशी, बाबा?"

"येतेय ती."

"अरे, विमान म्हणजे काय पालघरची रिक्षा आहे, हात दाखवला की थांबायला?"

मोबाइलवर विमानाचा माग बघणाऱ्या पुतण्या हेमंतने मान वर केली. "काका, समोरून वारा लागला विमानाला. उशीर झालाय. आत्ता कुठे मुंबईवर आलंय, घिरट्या घालतंय. उतरल्यावर इथवर दोन तास."

दोन तास! सूर्य पाण्याला टेकला होता.

केसरीनाथ उठला. पाण्यात शिरला. गुडघाभर, मांडीभर. त्या तांबड्या, तप्त, तटस्थ गोळ्यासमोर त्याने दोन्ही हात पसरले. "थांब रे. लेकरू येतंय. एवढं थांब."

गोळा अर्धा झाला. गोळा कोर झाला. गोळा गेला.

खाली सावळं झालं, पण वर, खूप वर, एक विमान अजून उन्हात होतं. सोन्याची एक कणी. तेच की दुसरं, कोण सांगणार?

"हेमंत, खिडकीतून खालचं दिसतं का रे?"

"दिवे दिसतात, काका." त्याने चितेकडे पाहिलं. "आग दिसेल."

केसरीनाथ चितेपाशी आला. एकेक पान त्याने स्वतःच्या हाताने काढलं. शेवटचं पान काढताना हात अडला, मग तेही काढलं. "तूप ओता," तो म्हणाला, "सगळं ओता. जाळ मोठा होऊ दे."

जाळ उभा राहिला. निर्वात, निळ्या, निमालेल्या संध्याकाळी धूर सरळ वर चढू लागला. दहा हजार किलोमीटर सरले होते; उरली होती नुसती उंची.

कणी वळली. कणी दक्षिणेला, मुंबईकडे गेली. धूर चढत राहिला, चढत राहिला, विरळ होत राहिला.