आंबट गुलकंद

साळूबाईंच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. चौऱ्याण्णव सालचा उन्हाळा, राहुरीजवळची वस्ती, आणि मधोमध खाटेवर गुलाबनाथ बाबा. पुढ्यात काचेचा पेला, त्यात गुलाबपाकळ्यांचं पाणी. साळूबाईंची सून रेश्मा सात महिन्यांची गरोदर. बाबाने तिच्या बोटांना अंगारा फासला आणि बोटं पेल्यात बुडवायला लावली. पाणी हिरवट झालं!

"नासलं, माय, रक्त नासलं!" बाबा गरजला. "गुलाब म्हंजी देवाचं रक्त, अन् गुलकंद त्या रक्ताचं लोनी!" त्याने चमचाभर गुलकंद पेल्यात टाकला. पाणी फसफसलं आणि लालभडक झालं. "बघा, रक्त उसळाय लागलं!"

लोकांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या नर्स जयमालाबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. रेश्माच्या रक्तातलं हिमोग्लोबिन अवघं सात. तीन महिने उन्हातान्हात पायपीट करून त्यांनी तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या होत्या, आणि आज त्याच गोळ्या अंगणातल्या गुलाबाच्या बुंध्याशी विरघळलेल्या दिसल्या.

"बाबा म्हनले, गोळ्या झाडाला घाला अन् झाडाची फुलं सुनंला," साळूबाईंनी सांगितलं.

म्हणजे औषध खाणार गुलाब, आणि बाळंतपण रेश्माचं! जयमालाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजवर किती समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अंगाऱ्यासोबत हातावर आलेला प्रसादाचा गुलकंद त्यांनी रागारागानेच तोंडात टाकला आणि त्या थबकल्या. आंबट! दर उन्हाळ्यात त्या स्वतः पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर बरणीत लावून उन्हात ठेवत. असा आंबट गुलकंद त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. अंगारा जिभेला लावून पाहिला, तर खारट.

"साळूबाई, खायचा सोडा आणा, लिंबू आणा. आणि वरवंटा."

बाबाच्याच तांब्यात उरलेलं गुलाबपाकळ्यांचं पाणी त्यांनी परातीत ओतलं आणि सोडा फासलेला वरवंटा त्यात बुडवला. पाणी हिरवट. लिंबू पिळलं. फसफसून लालभडक!

"आता वरवंट्यालाबी रक्त आलं का?" शेजारचा छगन ओरडला. अंगणभर हशा पिकला.

"अंगाऱ्यात सोडा, गुलकंदात लिंबूसत्त्व. पाकळीचा रंग सोड्याने हिरवा होतो, आंबटाने लाल. एवढाच चमत्कार."

बाबा झोळी आवरू लागला.

"पन बाई, गुलकंद थंड असतो न्हवं? मग खाऊच न्हाई का?" साळूबाईंचं आपलं चालूच.

"खा की! दुधात घाला, विड्यात घाला. चव येते, उन्हाळ्यात बरं वाटतं. पण आहे ती बहुतेक साखरच, त्याने रक्त भरत नाही. गोळ्या गुलाबाला घातल्या आणि बाळंतपणात ही गेली, तर कुणाच्या पाया पडाल?"

तेव्हा रेश्मानेच हात पुढे केला. "द्या गोळी. संडासला काळं हुतं म्हनून मीच भ्याले हुते."

"अगं, ते गोळीनेच होतं, त्यात भ्यायचं काही नाही! हे मला का विचारलं नाहीस?" जयमालाबाई वैतागल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. "विचारा, बायांनो. मला विचारा, बाबालाही विचारा. आणि विचारल्यावर जो झोळी आवरतो, त्याच्या हातचं सुनेला खायला घालू नका."