मधला नट

आमच्या गाडीचे पुढचे शॉकअप गेले होते. साध्या खड्ड्यानंतरही गाडी कितीतरी वेळ डुलत राहायची आणि बायको माझ्याकडे बघत राहायची. शेवटी मी ठणकावून सांगितलं, घरीच बदलतो.

चाक काढलं, बोल्ट सोडवले आणि स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप अंगणात आणून दोन्ही पायांत उभा धरला. आता वरचा मधला नट काढायचा, की स्प्रिंग मोकळी. शेजाऱ्याने पान्यांबरोबर स्प्रिंग दाबायचे दोन शिकंजेही दिले होते. ते मी बाजूला ठेवले. एवढा व्याप कोण करतो?

नट घट्ट होता. मी त्यावर वाकून जोर लावला. जरासा फिरला. तेवढ्यात पान्यावर एक हात येऊन बसला. सासूबाईंचा.

"जावईबापू, पाना सोडा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तोंड मागे घ्या."

माझं डोकं फिरलं. "आता तर कुठे सुटतोय."

"म्हणूनच. स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिला या एका नटाने धरून ठेवलंय. आमच्याकडच्या फिटरने असाच काढला होता. सहा महिने नळीने जेवत होता बिचारा."

त्या तीस वर्षं एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये कामाला होत्या, हे मला माहीत होतं. विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. नट माझ्या हनुवटीपासून वीतभर लांब होता. मी पाना सोडून मागे सरकलो.

त्यांनी नट परत आवळला. शिकंजे समोरासमोर लावले आणि एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे पिळले. स्प्रिंग दबून सैल हलायला लागली, तेव्हा कुठे मला नट काढू दिला.

बायको बाहेर आली. "चेहरा का उतरलाय?"

"काही नाही गं, नट जाम होता," सासूबाई म्हणाल्या.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण मला ते जमेना. शिकंजे बाजूला ठेवल्यापासून सगळं सांगितलं. "आज तुझी आई नसती, तर मी असा धड समोर उभा नसतो."

बायको मटकन पायरीवर बसली. सासूबाई माझ्यावरच वैतागल्या. "सांगायची काय गरज होती? आता ती तुम्हाला पान्याला हात लावू देईल का?"

"नाही दिला तरी चालेल," मी म्हणालो आणि पाना त्यांच्या हातात दिला. "दुसरी बाजू तुम्ही काढा. मी शेजारी बसून शिकतो."