एकोणीस तिथ्या

न्हानने दारूच्या बरणीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि नवऱ्याला तोंडावर सांगितलं, "मी बाजारातून येईपर्यंत थेंब मिळायचा नाही."

"अगं, आज सोनची तिथी," लाम म्हणाला. "मेलेल्या माणसाला कोरडा ठेवतेस?"

मेलेल्याचा पेला अडवायची छाती गावात कुणाचीच नव्हती, तिचीही नाही. लामच्या यकृताने हात टेकलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा एवढंच ठरलं होतं: दारू फक्त लढाईत गेलेल्या सोबत्यांच्या तिथीला. उदबत्ती विझली की नैवेद्याचा पेला घरच्यांनी संपवायचा, ही रीतच. पहिल्या वर्षी चार तिथ्या निघाल्या. यंदा सोन धरून एकोणीस. एका पेल्यामागून अख्खी बरणी जायची, आणि मग आभाळात विमान घरघरलं तरी लाम ताटावरून उठून बांबूच्या बेटात दडायचा. मेलेल्यांच्या नावावर जिवंताची चैन चाललीय, अशी तिची खात्री झाली होती. एक नाव जरी खोटं निघालं, तरी ती कुलूप पुन्हा उघडणार नव्हती.

क्वी लामच्याच तुकडीतला. लढाईत एक पाय गेला, आता बाजारात सायकली दुरुस्त करायचा. न्हान एकेक नाव घेत गेली आणि तो चाकावरचा हात न काढता मान हलवत गेला.

"नावं सगळी खरी, वहिनी."

न्हानचा चेहरा पडला.

"पण एवढ्या तिथ्या कुठून काढल्या त्यानं? एकोणीसच्या एकोणीस जण एकाच सकाळी गेले. क्वांग त्रीच्या आघाडीवर, नदी ओलांडताना. सातव्या महिन्याचा आठवा दिवस. पलीकडे पोचलो ते आम्ही दोघंच."

सापडला लबाड, असं पुटपुटत ती निघाली खरी, पण अर्ध्या वाटेत सायकलवरून उतरली. दरवर्षी त्या दिवशी लाम दारूचं नावही काढत नसे. घरासमोरच्या तळ्याकडे पाठ करून अंगणात बसून राही, पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. तिला वाटायचं, रुसलाय.

घरी तो रिकामा पेला पुढ्यात मांडून बसला होता.

"क्वीभाऊंकडे गेले होते," ती म्हणाली. "सगळे एकाच दिवशी गेले ना, हो?"

लामने हातातली उदबत्ती खाली ठेवली.

"एका दिवसात एकोणीस जणांसाठी रडून होत नाही गं."

न्हान भांडायच्या तयारीने आली होती. तिने कुलूप काढलं, पेला भरून सोनच्या नावाने ठेवला आणि उदबत्ती लावली. ती विझेपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून राहिले.

लामने हात पुढे केला. त्याआधी तिने पेला उचलला. जन्मात दारूला न शिवलेल्या त्या बाईने तो एका दमात रिकामा केला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"आजचा पेला माझा झाला," ती खोकत म्हणाली. "आता तुम्ही मला सोन सांगा. कसा होता?"

लामने दोन्ही हात मागे घेतले. ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

"सोनला पोहता येत नव्हतं," तो म्हणाला.