ग्लिच की कापूट

भिंगाखाली सोल्डरिंगचा डाग राखाडी दिसत होता. नीट बसलेला डाग चकाकतो. हा रवाळ होता आणि त्याच्या कडेला केसाएवढी चीर होती. धाकटीने भिंग जरा सरकवलं. शेजारचे दोन डागही तसेच.

दवाखान्यातला पंप होता. नळीतून औषध थेंबाथेंबाने सोडणारा. इथून दुरुस्त होऊन गेला आणि पेशंटला लावलेला असताना मध्येच थांबला. नर्सबाईंचं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

"ग्लिच," दादा म्हणाला. "लिही चिठ्ठी."

दुकानात आलेल्या प्रत्येक यंत्राला चिठ्ठी लागे. दुरुस्त होणारं ते ग्लिच, संपलेलं ते कापूट. हे शब्द बाबांनी एका परदेशी इंजिनिअरकडून उचलले होते. इंग्रजी बोलण्यातले, पण मूळ जर्मन घराण्यातले. 'बिघडलं' म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, म्हणून हा आडपडदा. कापूट लिहायला दोघांची संमती हवी, आणि दादाने ती कित्येक महिन्यांत दिली नव्हती. त्याच्या हातचं काही परत येत नसे, कारण तो जेवायला घरी गेला की धाकटी त्याचे डाग काढून पुन्हा देई. हा पंप मात्र तिने डाग पुन्हा देण्याआधीच दवाखान्याचा माणूस घेऊन गेला होता.

वहिनी मागेच म्हणाली होती, त्यांनी शर्ट घातला की बटणं आता मी लावते. तुझं ऐकतील, तू बोल. धाकटी हो म्हणाली होती, आणि दुपारचं जेवण दुकानातच उरकू लागली होती.

"बाईंनी आपटला असणार," दादा म्हणाला. "आण इकडे. तुझ्यावर सोडलं तर सगळं जगच कापूट."

त्याने मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, वर दुसरा पंजा दाबून धरला. सोल्डरगनचं टोक डागावर यायच्या आधीच शेजारच्या वायरला लागलं. जळका वास आला. त्याने टोक पुसलं, पुन्हा नेलं.

"उजेड कमी आहे," तो म्हणाला.

दिवा थेट त्याच्या बोटांवर होता. जेवायची वेळ झालीच होती. 'घरी जेवून ये' म्हटलं असतं तरी आजचा दिवस निघाला असता. धाकटीने हात लांब करून सोल्डरगनचं बटण बंद केलं.

दादाने वर पाहिलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "आजपासून डाग मी देणार. तू नाही द्यायचे."