मी टेकू, आणि वर स्लॅब

मी टेकू बोलतोय. डोक्यावर स्लॅब आहे, म्हणून मान न हलवता बोलतो.

दोन लोखंडी नळ्या एकात एक घालून, मध्ये आटे पाडून मला घडवलं. तरुणपणी नव्या इमारतींत असायचो. ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत धरायचं, की सुटलो. भाऊबंदांची रांग सोबतीला असायची. पुढे आटे झिजले, अंगावर सिमेंटची पुटं चढली आणि दुरुस्तीची कामं नशिबी आली. तिथे एकट्यानं उभं राहायचं, तेही दुसऱ्याच्या चुकीखाली.

सध्या एका स्वयंपाकघराच्या तोंडाशी आहे. इथे भिंत होती. घरातल्या आजोबांचं अर्धं अंग गेलं, चाकांची खुर्ची आली, आणि ती काही आत वळेना. सगळे आत जेवायचे, आजोबा बाहेर एकटे. सुनेला बघवेना. तिनं कंत्राटदार बोलावला.

"परवाना आहे ना?" तिनं विचारलंही होतं.

"आहे की, वहिनी."

त्यानं कार्ड दाखवलं. शिक्का खरा, फोटो त्याचाच. खाली 'रंगकाम व फरशी' लिहिलेलं कोणी वाचलं नाही.

त्यानं भिंत पाडली, त्याच दुपारी स्लॅबला तडा गेला. गिलाव्याचा मोठा तुकडा थेट खुर्चीत. आजोबांना मुलानं नुकतंच अंघोळीला नेलं होतं, म्हणून वाचले.

मग मला घेऊन ताई आल्या. ताई म्हणजे माझ्या मालकीणबाई, बांधकामाच्या कंत्राटदार. त्यांनी माझे आटे आवळले आणि वरचा भार माझ्या टाळूवर आला.

"पण त्याच्याकडे परवाना होता हो," सून म्हणाली.

"होता ना. रंगाचा होता. नळाचा वेगळा, विजेचा वेगळा. भार घेणाऱ्या भिंतीला हात लावायचा तर बांधकामाचाच लागतो. डोळ्यांचा डॉक्टरही डॉक्टरच, पण मोडलेलं हाड त्याच्याकडे नेतो का आपण?"

"मीच बोलावलं त्याला," सून म्हणाली.

"माझ्यासाठीच ना," आजोबा जड जिभेनं म्हणाले.

तो कंत्राटदारही येऊन गेला. लबाड नव्हता बिचारा. बाहेरच्या खोलीचा रंग त्यानंच दिलाय, हात फिरवत राहावा असा. "मला वाटलं, नुसती आडोशाची भिंत आहे," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला.

आता लोखंडी तुळई बसेल आणि मी सुटेन. तोवर माझ्या अंगावर ओले पंचे वाळताहेत. माणसं कशाचीही सवय करून घेतात.

मी थकलोय. तुमच्या घरी मला आणू नका. परवाना आहे का, एवढ्यावर थांबू नका. कशाचा आहे, तेही विचारा.

आत्ताच, तुळईचं माप घ्यायला आलेल्या ताईंचा फोन वाजला. कोणीतरी सांगत होतं, भिंत पाडून झालीय, वर जरा तडा दिसतोय.

"पाडणाऱ्याचा परवाना कसला होता?" ताईंनी विचारलं.

मग वही काढून त्यांनी पत्ता लिहून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.