नीट चालल्याची लाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे, आणि माझा पंखा फिरू लागला की पलीकडे कुणीतरी शिवणयंत्र चालवत आहे असे वाटते.

अंध मुलांना पुस्तके वाचून दाखवणारी एक वेबसाइट माझ्या मालकाने माझ्यावरच घडवली. ती सर्वांसाठी खुली होती. कुणीही ती उतरवून घ्यावी, सुधारावी आणि परत द्यावी. मात्र त्याआधी ती आपल्या लॅपटॉपवर उभी करावी लागे. ते कसे करायचे, हे मालकाने पायरीपायरीने लिहून ठेवले होते. मी तर रोज सकाळी नेमाने ती सुरू करत असे. "हा कधी दगा देत नाही," असे मालक म्हणे आणि मी फुलून जाई.

एके दिवशी अंध मुलांच्या शाळेतल्या बाई आल्या. साइटवरचे पान उलटण्याचे बटण मुके होते, त्याचे नाव ऐकू येत नसे, म्हणून मुलांना ते सापडतच नसे. ते बोलते करण्यासाठी बाई या वयात प्रोग्रामिंग शिकल्या होत्या, मुलांना शब्द देऊन बसल्या होत्या. पण त्यांच्या लॅपटॉपवर साइट काही उभी राहीना. काय चुकले ते सांगणारी लाल अक्षरे पडदाभर येत. मालकाने ती वाचलीही नाहीत. त्याने मला त्यांच्याकडे वळवले.

"हे बघा, माझ्याकडे चालतंय."

बाईंनी माझ्या पडद्यावर चालणारी साइट पाहिली. "मग माझंच डोकं चालत नसेल," म्हणाल्या आणि आपला लॅपटॉप पिशवीत ठेवू लागल्या.

मला कारण ठाऊक होते. मजकुराचा आवाज करणारा एक छोटा प्रोग्राम मालकाने फार पूर्वी माझ्यात बसवला होता आणि ते लिहायचे विसरला होता. बाईंकडे तो नव्हता, एवढेच. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. मी आपला लखलखत चालत राहिलो. एका भल्या बाईला खोटे पाडायला माझे नीट चालणेच पुरेसे झाले. देवा, त्या क्षणी बंद पडलो असतो तर बरे झाले असते.

मालकाची थोरली बहीण तिथेच उसवलेली बाही शिवत बसली होती. तिने बाईंना हाताला धरून बसवून घेतले आणि भावाला म्हणाली, "तुझं चालतं ते दिसलं रे. आता माझ्या नव्या लॅपटॉपवर करून दाखव बघू."

मालकाने हसत हसत तो घेतला. स्वतःच लिहिलेली एकेक पायरी केली, आणि तीच लाल अक्षरे आली. त्याचे हसू मावळले. मग त्याने माझ्यात शोधाशोध केली, तेव्हा तो प्रोग्राम सापडला.

"बाई, चूक माझी आहे," तो खाली बघत म्हणाला. "मी ते लिहिलंच नव्हतं."

"आणि मी उद्या मुलांना सांगणार होते, की मला जमत नाही," बाई म्हणाल्या.

राहिलेली पायरी त्याने तिथल्या तिथे लिहिली. पुढे बाईंनी बटण बोलते केले, मुले आपापली पाने उलटू लागली. मला आनंद झाला, पण मान वर होईना. बाईंच्या आधी कितीजण ती लाल अक्षरे पाहून, स्वतःला कमी समजून निघून गेले असतील? त्यांना आता कोण बोलावणार?

मित्रांनो, कुणी "मला जमत नाही" म्हणाले, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्या पडद्यावर काय लिहिले आहे, ते आधी वाचा.