साकु मगळु

लहानपणी तिला ळ म्हणता यायचा नाही, म्हणून अख्खी गल्ली तिला बोबडी म्हणायची. आई गेली, वडील ट्रक घेऊन महिनामहिना बाहेर, तेव्हा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशीने तिला घरात घेतलं ते घेतलंच. मावशी कानडी. बोबडीशी मोडकंतोडकं मराठी बोलायची, पण स्वतःची भाषा शिकवायची हौस दांडगी. हालु म्हणजे दूध, हाळु म्हणजे नासाडी. मशीनखाली कापड अडकून फाटलं की बोबडी घाबरत सांगायची, कापड हालु झालं. म्हणजे कापडाचं दूध झालं. मावशी रागवायचं विसरून हसत सुटायची. दात दुखला तरी हल्लुऐवजी हुल्लु म्हणून पोरगी आपलं गवत दुखतंय असं सांगत रडायची.

साकु मात्र तिला पक्कं ठाऊक. कपात दूध ओतताना मावशी विचारायची, "साकु?" म्हणजे पुरे का. बोबडी हो म्हणेपर्यंत धार काही थांबायची नाही.

वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि ते तिला न्यायला आले. मावशी म्हणाली, पोरीलाच विचारा, ती म्हणेल तसं. बोबडीला जायचं नव्हतं, नाही म्हणायचं तिने ठरवूनही टाकलं होतं. पण त्याच दुपारी एक कानडी गिऱ्हाईक आलं, तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं, आणि सुईत दोरा ओवता ओवता मावशी म्हणाली, "साकु मगळु."

मगळु म्हणजे मुलगी. पुरे झाली मुलगी. बोबडीचा चेहरा खर्रकन उतरला. कुणाला काही न बोलता तिने पिशवी भरली. निघताना मावशीने नवा फ्रॉक हातात दिला, खाली वीतभर दुमड ठेवलेला. वाढशील तशी उसवत जा, एवढंच म्हणाली. बोबडीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुमड मात्र ती दर वर्षी उसवत राहिली, उसवायला काही उरेना तोवर.

आता तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान आहे आणि ळ कसा खणखणीत येतो. परवा एक कानडी गृहस्थ पँट आखूड करायला आले, सोबत कुत्रं. फोनवर कुणाला तरी 'साकु नायी' असं काहीसं सांगत होते. नायी म्हणजे कुत्रं. बोबडीला कुत्र्याचाच कळवळा आला. एवढं गुणी जनावर, कंटाळलात होय त्याला, असं तिने विचारलंच. गृहस्थ आधी गोंधळले, मग हसले. साकु म्हणजे पुरे, हे खरं. पण साकु म्हणजे सांभाळणं, वाढवणंही. हे आमचं पाळलेलं कुत्रं, म्हणाले.

"आणि साकु मगळु?"

"पोटची नाही, पण आपणच वाढवलेली लेक."

त्या पँटचं माप तिने तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा चुकवलं. मग दुकान बंद करून ती पोटभर रडली. इतकी वर्षं मावशीने काय समजून काढली असतील, या विचाराने तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

जुन्या गल्लीत पोचेपर्यंत मावशी आहे की नाही, याचीही धास्ती होती. पण ती होती. खिडकीपाशी, झाकून ठेवलेल्या मशीनशेजारी बसलेली, डोळ्यांनी अधू झालेली. कोण आलंय, तिने विचारलं. वाटभर घोकलेलं सगळं बोबडीच्या डोक्यातून पळालं, आणि ऐनवेळी जीभही अडखळली.

"साकु मगलु."

मावशीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"ळ," ती म्हणाली. "मगळु. नीट म्हण."

मग तिने चाचपडत कप पुढे ओढला आणि दूध ओतायला घेतलं. साकु, असं तिने विचारलं, पुन्हा विचारलं. कप भरला, बशी भरली, तरी बोबडीच्या तोंडून हो निघेना.